नांदुऱ्यांतला समुद्र

नांदुरा म्हटलें कीं महामार्गानें जाणाऱ्या वाटसरूस प्रथम १०५ फुटी मारुती आठवतो. समुद्र उल्लंघून जाणाऱ्या त्या देवाखेरीज आमच्या गांवाचा समुद्राशीं दुसरा संबंध नाहीं. रेल्वेनें मुंबई पांचशें किलोमीटरांहून दूर, आणि वैशाखांत पारा ४३-४४ अंशांवर! अशा गांवीं घरांत समुद्राचें पाणी भरून त्यांत मासे पाळण्याचें खूळ आमच्या कुटुंबानें घेतलें, त्यास आतां दीड वर्ष होत आलें. ओळखीचीं माणसें पाहावयास येतात आणि जातांना 'आम्हांस हें साधेल काय?' म्हणून विचारतात. त्या सर्वांस एकदमच उत्तर द्यावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

मूळ कल्पना आजींची. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. लग्नानंतर आजी मुंबईस गेल्या असतां त्यांनीं तें पाहिलें, आणि तेथील रंगीबेरंगी माशांचें वर्णन आमच्या घरच्या तीन पिढ्यांनीं ऐकलें आहे. एके दिवशीं धाकट्या पुतण्यानें विचारलें, "मग ते मासे आपल्या घरीं कां नाहींत?" या प्रश्नास मोठ्यांपैकीं कोणासच चटकन् उत्तर सुचलें नाहीं, आणि तेथेंच आम्ही फसलों.

पहिला प्रश्न पाण्याचा. "खाऱ्या पाण्यास आपल्याकडे काय तोटा?" असें काका म्हणाले. पूर्णेच्या खोऱ्यांतला खारपाणपट्टा आमच्या शेजारचाच. तेथील विहिरींचें पाणी जिभेवर ठेवतांच त्याची साक्ष पटते. दुसऱ्या एका स्नेह्यांनीं तर आपल्याच जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें नांव सुचविलें. परंतु खारेपणा सर्वत्र एकच नसतो, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपलें खाण्याचें मीठ सर्वांत अधिक हें खरें. पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात, आणि त्यांचें परस्परांशीं प्रमाण जगांतील सर्व महासागरांत जवळजवळ सारखेंच राहतें. विहिरीच्या पाण्यांत तें प्रमाण निराळें. लोणारचें पाणी तर इतकें अल्कधर्मी आहे कीं समुद्रांतला मासा त्यांत जगावयाचाच नाहीं. तेव्हां अगदीं शुद्ध पाणी घ्यावें आणि त्यांत सागरी क्षारांचें तयार मिश्रण मोजून घालावें, हा एकच मार्ग उरतो.

शुद्ध पाण्यासाठीं घरचें आर्‌ओ यंत्रही पुरत नाहीं. त्यापुढें क्षार शोषून घेणारी आणखी एक गाळणी लावावी लागते. आणि एक लिटर शुद्ध पाणी मिळवावयाचें म्हणजे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकलें जातें. यावरून घरांत पहिला वाद झाला. ज्या घरानें टँकरचे दिवस पाहिले आहेत, त्या घरांत माशांसाठीं पाणी सांडणें आजींस कसें खपावें? "एक थेंबही मोरींतून वाहून जातां कामा नये," असा त्यांनीं हुकूम केला. तेव्हांपासून तें पाणी फरशी पुसण्यास व संडासासाठीं वापरतों. तुळशीस मात्र घालीत नाहीं, कारण तें मूळच्याहून अधिक खारें झालेलें असतें.

पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच घेतली. तींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. ती माडीवर ठेवण्याचा मुलांचा बेत होता. परंतु पाणी, कांच, दगड व मांडणी मिळून भार पावणेतीनशें किलोंच्या आसपास जातो, हें ऐकतांच गवंड्यानें कानांवर हात ठेवले. शेवटीं खालच्या बैठकींत, जेथें ऊन येत नाहीं अशा भिंतीशीं, ती बसविली.

यापुढें जें घडलें त्यानें घरच्या सर्वांच्या धीराची परीक्षा पाहिली. पेटींत पाणी व सच्छिद्र दगड घातले, पंप सुरू केला, आणि सहा आठवडे मासा म्हणून आणला नाहीं! माशाच्या श्वासांतून व मलांतून अमोनिया निघतो. तो अगदीं अल्प असला तरी विषच. एका जातीचे जिवाणू त्याचें नायट्राइट करतात, तेंही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, तें पुष्कळच निरुपद्रवी, आणि थोडें थोडें पाणी बदलून तें कमी करतां येतें. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात; पण नव्या पेटींत ते नसतात. म्हणून रिकाम्या पाण्यांत रोज चिमूटभर खाद्य टाकून तें कुजूं द्यावयाचें व ही वस्ती वाढण्याची वाट पाहावयाची. पाहुण्यांनीं "दगड कधीं पोहूं लागणार?" म्हणून थट्टा केली. काकूंस मात्र हें लगेच उमगलें. "विरजण लागल्यावांचून दही कसें होईल?" असें त्या म्हणाल्या. त्रेचाळिसाव्या दिवशीं अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, तेव्हां सर्वांनीं पेढे खाल्ले.

मग विदूषकमाशांची जोडी आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें या माशांची टाक्यांत पैदास करण्याचें तंत्र बसविलें आहे. म्हणून टाकींत जन्मलेलेच मासे हवेत, समुद्रांतून धरलेले नकोत, असें आम्हीं विक्रेत्यास बजावलें होतें. या माशांत सारीं पिलें नर म्हणून वाढतात आणि कळपांतील सर्वांत मोठा मासा मादी होऊन घरचें कर्तेपण पाहतो. हें ऐकून आजी व काकू पोट धरून हंसल्या.

दुसरा वाद खाद्यावरून झाला. या माशांस गोठविलेल्या बारीक कोळंबीचें खाद्य फार मानवतें. पण आमच्या स्वयंपाकघरांतील फ्रिजमध्यें तें ठेवावयाचें म्हणजे काय, हें वाचकांस सांगावयास नको. पुतण्यानेंच वाट काढली. आर्टेमियाचीं सुकीं अंडीं बाजारांत मिळतात. तीं खाऱ्या पाण्यांत घालून खालून हवा सोडली कीं एका दिवसांत त्यांतून डोळ्यांस जेमतेम दिसतील असे जीव निघतात. हा उद्योग बैठकींतच चालतो, आणि सोंवळें अबाधित राहतें.

आतां आमच्या चुकीविषयीं. पेटी आम्हीं माघांत मांडली, मासे चैत्रांत आले, आणि लगेच उन्हाळा येऊन ठेपला. पाणी थंड ठेवणारें यंत्र होतें; पण तें विजेवर चालणारें. ज्येष्ठांतील एके दुपारीं वीज गेली ती पांच तास आलीच नाहीं. पाणी ३१ अंशांवर चढलें. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि पंप बंद असल्यानें पाणी हलतही नव्हतें. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप आणावयाचा, असें आम्ही महिनाभर नुसतें म्हणत होतों. विदूषकमासे वांचले, पण मागाहून आणलेला लहानगा पिवळा गोबी दिवेलागणीच्या सुमारास तळाशीं मरून पडलेला दिसला. पुतण्या रात्रीं जेवला नाहीं. आजी एवढेंच म्हणाल्या, "जीव घरीं आणावयाचा, तर त्याची सोय आधीं करावी." दुसऱ्याच दिवशीं पंप आला, पण तो एक दिवस उशिरा आला, हें कोणी विसरलेलें नाहीं.

त्यानंतर काहीं महिन्यांनीं एका मोठ्या शहरांतील विक्रेत्यानें बोटाएवढा जिवंत प्रवाळाचा तुकडा देऊं केला. "कोण विचारतो?" असेंही तो वर म्हणाला. पुतण्यास मोह झाला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही झाला. परंतु समुद्रांत खडक रचणारे सर्व दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें, वाघाच्या बरोबरीनें, संरक्षित आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें व तें उजेडावर अन्न तयार करून त्यास पोसतें. पाणी फार तापलें कीं हें शैवाल निघून जातें, प्रवाळ पांढरा पडतो आणि पुष्कळदां मरतो. १९९८ साली लक्षद्वीपांत असे प्रवाळ फार मोठ्या प्रमाणावर मेले. ज्या घरानें पांच तासांत एक मासा गमावला, त्या घरानें हा जीव कशाच्या बळावर आणावा?

इंग्लंडांतील फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ साली पुस्तक लिहून घरोघरीं समुद्र ठेवण्याची आवड लोकांस लाविली. पुढें त्यांच्याच मुलानें १९०७ साली खेदानें लिहिलें कीं, हौशी लोकांनीं किनाऱ्यावरील खडकांतलीं तीं सुंदर डबकीं लुटून ओसाड केलीं. ही हकीकत रात्रीं जेवणानंतर सर्वांस सांगितली. पुतण्या पुष्कळ वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आपण तिकडेच जाऊन पाहूं."

त्याप्रमाणें गेल्या डिसेंबरांत मालवणास गेलों. तेथील समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मुखवटा लावून पाण्यांत तोंड बुडविलें कीं प्रवाळ दिसतात. पुतण्यानें ते पाहिले. त्यांतला एक पांढरा पडलेला होता, तोही त्यानेंच प्रथम ओळखला.

आमच्या पेटींत आजही प्रवाळ नाहीं. दगड आहेत, दोन मासे आहेत आणि शंखांतले चार खेंकडे आहेत. ज्यांस असा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं तो माघांत न करतां कार्तिकांत आरंभावा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वीं पेटी मुरते. पाणी आटलें तर भर शुद्ध पाण्याचीच घालावी, खाऱ्याची नव्हे. कारण पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. आणि माशांच्या आधीं बॅटरीचा पंप आणावा. यंदाच्या उन्हाळ्यांत आमच्याकडे वीज कितीदां तरी गेली. परंतु श्रावणापर्यंत दोन्ही मासे सुखरूप आहेत.