मुदतवाढ आणि परदेशस्थ नागरिक : १९७५-७७ मधील विरोधलेखनाचे स्वरूप

पाचव्या लोकसभेची पाच वर्षांची मुदत १८ मार्च १९७६ रोजी संपत होती. ती त्या दिवशी संपली नाही. आणीबाणी जारी असताना संसदेला कायदा करून लोकसभेचा कालावधी एका वेळी एका वर्षाने वाढवता येतो, अशी तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ८३ मध्ये आहे. तिचा आधार घेऊन फेब्रुवारी १९७६ मध्ये एक वर्षाची आणि नोव्हेंबरमध्ये आणखी एका वर्षाची वाढ करण्यात आली. त्याच सुमारास संमत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर लोकसभेचा नियमित कालावधीच पाचाऐवजी सहा वर्षांचा केला.

विरोधलेखनाच्या दृष्टीने मुदतवाढ ही अवघड घटना आहे, कारण तिला दृश्य नाही. २५ जून १९७५ च्या रात्रीला दृश्य होते : दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली, पहाटेपर्यंत नेत्यांना अटक झाली. न झालेल्या निवडणुकीचे वर्णन कसे करावे? विनय हर्डीकरांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ (१९७८) सारख्या लेखनाच्या केंद्रस्थानी भूमिगत कार्य, तुरुंग आणि तेथे भेटलेली माणसे येतात, ती स्वाभाविकपणेच. मुदतवाढ कायद्याच्या भाषेत घडते आणि त्याच भाषेत विरून जाते.

मराठी शब्दाची छटा येथे पाहण्याजोगी आहे. व्यवहारात ‘मुदतवाढ’ मागणारा हा नेहमी अर्जदार असतो : कर्जदार, कंत्राटदार, अर्ज वेळेत न भरलेला विद्यार्थी. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. १९७६ मध्ये मागणारा, देणारा आणि घेणारा एकच होता. ज्याच्याकडे मुदतवाढ मागायला हवी होती, त्या मतदाराला कोणी विचारले नाही. हा विपर्यास सर्वांत नेमका ओळखला तो पुण्यात जन्मलेल्या आणि बिहारमधील बांका मतदारसंघातून निवडून आलेल्या मधु लिमये यांनी. मध्य प्रदेशातील नरसिंहगडच्या तुरुंगातून त्यांनी आणि शरद यादव यांनी लोकसभेचे राजीनामे दिले. मतदारांनी दिलेली पाच वर्षे संपल्यावर त्या जागेवर आपला अधिकार उरत नाही, ही त्यामागची भूमिका. मुदतवाढीला विरोध करण्याचा एक मार्ग यातून सिद्ध झाला : वाढीव मुदतीतला आपला वाटा नाकारणे.

परदेशस्थ नागरिकांना हा मार्ग उपलब्ध नव्हता. त्यांच्याकडे सोडण्यासारखे पद नव्हते. त्यांचा विरोध एकूण आणीबाणीला होता आणि मुदतवाढ हा त्यातील एक मुद्दा. परंतु देशात वृत्तपत्रे सेन्सॉरखाली असल्याने तो मुद्दा उघडपणे मांडण्याची सोय देशाबाहेरच होती. लंडनमध्ये फिलिप नोएल-बेकर यांच्यासारख्या शांततावाद्यांच्या साहाय्याने ‘फ्री जेपी’ मोहीम उभी राहिली. तिने १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘द टाइम्स’मध्ये निवेदन प्रसिद्ध केले. अमेरिकेत ‘इंडियन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संघटना स्थापन झाली. तिच्या कार्यकर्त्यांत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील विद्यार्थी संघाचे माजी अध्यक्ष आनंद कुमार होते. ते त्या वेळी शिकागोत संशोधन करीत होते. १९७६ मध्ये या मंडळींनी फिलाडेल्फियातील लिबर्टी बेलपासून न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयापर्यंत पदयात्रा काढली.

त्यांच्या नियतकालिकांची नावे मुद्दाम निवडलेली दिसतात. अमेरिकेतील पत्र ‘इंडियन ओपिनियन’, लंडनमधील ‘स्वराज’. पहिले नाव गांधींनी १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू केलेल्या पत्राचे. दुसरे १९०९ मध्ये जहाजावर लिहिलेल्या आणि त्याच पत्रात प्रथम छापलेल्या ‘हिंद स्वराज’ची आठवण देणारे. देशाबाहेरून देशाविषयी लिहिण्याची जी परंपरा होती, तिच्यात स्वतःला बसवण्याचा हा प्रयत्न होता. मराठीपुरते पाहिले तर सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत लिहिलेला १८५७ विषयीचा ग्रंथ याच परंपरेतला. तो १९०९ मध्ये छापला गेला तो मात्र इंग्रजीत, आणि प्रकाशनापूर्वीच त्यावर बंदी आली.

परंतु साम्य येथेच थांबते. १९०९ चा लेखक परक्या सत्तेविरुद्ध लिहीत होता. १९७६ च्या नागरिकाला स्वतःच्या निर्वाचित सरकारविरुद्ध परक्यांसमोर बोलावे लागत होते, आणि परक्यांनी ऐकले की मायदेशात त्याच्या शब्दाची पत कमी होई. ‘परकीय हात’ हा त्या काळच्या सरकारी भाषणांतला आवडता शब्दप्रयोग होता. या कोंडीतून वाट काढण्यासाठी वक्त्याला स्वतःचे काहीतरी पणाला लावावे लागले. आनंद कुमारांची सरकारी शिष्यवृत्ती काढून घेण्यात आली. काही कार्यकर्त्यांचे पासपोर्ट जप्त झाले. राज्यसभा सदस्य सुब्रमण्यम स्वामी परदेशातून गुप्तपणे परतले, १० ऑगस्ट १९७६ रोजी सभागृहात हजर झाले, मृत सदस्यांना श्रद्धांजली वाहिली जात असताना लोकशाहीचाही मृत्यू झाल्याचे सुचवून बाहेर पडले आणि पुन्हा देशाबाहेर गेले. १५ नोव्हेंबरला त्यांना सदस्यत्वावरून काढण्यात आले. दृश्यहीन घटनेला दिल्लीतच मिळालेले हे एक दृश्य. त्यातील नाट्यमयता काहींना खटकली तरी तिची गरज नाकारता येत नाही.

तौलनिक अभ्यासकाला येथे पराग्वेचे ऑगस्तो रोआ बास्तोस आठवतील. ब्वेनोस आयरेसमध्ये निर्वासित असताना त्यांनी ‘यो एल सुप्रेमो’ (१९७४) ही कादंबरी लिहिली. तिचा विषय १८१६ मध्ये ‘आजीव हुकूमशहा’ घोषित झालेला फ्रान्सिया. कादंबरीचा प्रारंभ कॅथेड्रलच्या दारावर लावलेल्या, हुकूमशहाच्याच हस्ताक्षराची नक्कल करणाऱ्या पत्रकाने होतो. मायदेशात स्ट्रोएस्नर सत्तेवर होता. १९७७ मध्ये त्याने संविधानातील पुनर्निवडणुकीची मर्यादा हटवली. १९८२ मध्ये रोआ बास्तोस पराग्वेत गेले असता त्यांना हाकलून देण्यात आले. आपल्याकडे मुदतीवर कादंबरी झाली नाही. आपल्याकडे राजीनामापत्रे, टंकलिखित वार्तापत्रे आणि निवेदने झाली. याचे एक कारण असे की, येथील मुदतवाढ दहा महिन्यांतच संपली. दुसरे अधिक महत्त्वाचे : रोआ बास्तोस यांना भाषा बदलावी लागली नाही, कारण पराग्वे आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांत स्पॅनिश होती. अमेरिकेतल्या किंवा लंडनमधल्या भारतीयाला मात्र इंग्रजीतच लिहावे लागले. म्हणून हे लेखन ना मराठीच्या इतिहासात आले, ना हिंदीच्या.

१८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभा विसर्जित झाली. मार्चच्या निवडणुकीत बेचाळिसाव्या दुरुस्तीचे विधेयक मांडणारे कायदामंत्री ह. रा. गोखले मुंबई वायव्य मतदारसंघातून पराभूत झाले. त्यांना हरवणारे राम जेठमलानी १९७६ मध्ये अमेरिकेत आश्रय घेऊन तेथून आणीबाणीविरुद्ध बोलत होते. शेजारच्या मुंबई ईशान्यमधून सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेची पाच वर्षे पूर्ववत केली आणि हा बदल २० जून १९७९ पासून लागू झाला. आणीबाणीच्या काळात एका वेळी एका वर्षाने मुदत वाढवण्याची तरतूद मात्र अनुच्छेद ८३ मध्ये आजही तशीच आहे.