इंग्रजीचा स्तर कोणता? प्रवेशाचे गणित आधी मांडा

दहावीचा निकाल हाती आला की बहुतेक घरांत शाखेची चर्चा सुरू होते. ज्या घरांतील मुले इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट अर्थात ‘आयबी’च्या दोन वर्षांच्या डिप्लोमाकडे वळतात, तेथे मात्र या चर्चेला निराळे वळण मिळते. विज्ञान की वाणिज्य, हा तेथे प्रश्न नसतो. सहा विषय कोणते घ्यायचे आणि त्यांपैकी कोणते वरच्या स्तराला घ्यायचे, हा प्रश्न असतो. गणित किंवा भौतिकशास्त्राचा निर्णय बहुधा लवकर होतो. अडते ते इंग्रजीपाशी. ‘मुलगी बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात शिकली, मग इंग्रजी खालच्या स्तराला घेणे कमीपणाचे नाही का?’ असा प्रश्न पालकांच्या मनात हमखास येतो. या प्रश्नाचे उत्तर प्रतिष्ठेत शोधले, तर दोन वर्षांनी पश्चात्तापाची पाळी येऊ शकते. ते विद्यापीठांच्या प्रवेश अटींत शोधणे शहाणपणाचे ठरते.

दोन स्तर, तीन पाठ्यक्रम

डिप्लोमाच्या सहा विषयांपैकी किमान तीन, आणि फार तर चार, विषय हायर लेव्हलला म्हणजे ‘एचएल’ला घ्यावे लागतात. उरलेले विषय स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे ‘एसएल’ला असतात. एचएलसाठी २४० तास आणि एसएलसाठी १५० तास अध्यापन अपेक्षित असते. प्रत्येक विषयाला कमाल ७ गुण असतात, मग स्तर कोणताही असो. सहा विषयांचे ४२ आणि ज्ञानमीमांसा व दीर्घ निबंध यांचे मिळून ३, असे एकूण ४५ गुण होतात.

इंग्रजीत स्तराआधी पाठ्यक्रमाची निवड करावी लागते. ‘इंग्लिश ए : लिटरेचर’ हा निव्वळ साहित्याचा अभ्यास आहे. ‘इंग्लिश ए : लँग्वेज अँड लिटरेचर’मध्ये साहित्यकृतींच्या जोडीला जाहिराती, भाषणे, वृत्तपत्रीय लेखन अशा मजकुराचे विश्लेषण असते. ‘इंग्लिश बी’ हा इंग्रजी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी आहे. हे तिन्ही पाठ्यक्रम दोन्ही स्तरांना उपलब्ध आहेत. मुंबई-पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला सामान्यतः ‘ए’ गटातील इंग्रजी आणि त्यासोबत हिंदी, फ्रेंच वा स्पॅनिश यांसारखी दुसरी भाषा घेणे सोयीचे पडते. ‘सोपे जाईल’ म्हणून ‘बी’कडे वळू पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिप्लोमासाठी एक तरी भाषा ‘ए’ गटातील असावीच लागते.

वरच्या स्तराला नेमके काय वाढते?

२०२१च्या परीक्षेपासून लागू झालेल्या पाठ्यक्रमानुसार ‘लिटरेचर’मध्ये एसएलच्या विद्यार्थ्याला ९ साहित्यकृती, तर एचएलच्या विद्यार्थ्याला १३ साहित्यकृती अभ्यासाव्या लागतात. ‘लँग्वेज अँड लिटरेचर’मध्ये ही संख्या अनुक्रमे ४ आणि ६ आहे. पहिल्या प्रश्नपत्रिकेत एसएलचा विद्यार्थी दोन अपरिचित उताऱ्यांपैकी एकाचे विश्लेषण सव्वा तासात करतो. एचएलला दोन्ही उतारे सोडवावे लागतात आणि त्यासाठी सव्वादोन तास मिळतात. शिवाय एचएलला १२०० ते १५०० शब्दांचा स्वतंत्र निबंध लिहावा लागतो आणि त्याला एकूण मूल्यमापनात २० टक्के भार आहे. तुलनात्मक निबंधाची दुसरी प्रश्नपत्रिका आणि तोंडी परीक्षा दोन्ही स्तरांना आहेत.

म्हणजे एचएल इंग्रजी म्हणजे ‘अधिक अवघड व्याकरण’ नव्हे. ते अधिक वाचन आणि अधिक लेखन आहे. अस्खलित बोलता येणे हा त्यासाठी पुरेसा निकष नाही. ज्याला कादंबरी वाचून तिच्या रचनेविषयी चार पाने लिहावीशी वाटतात, त्याच्यासाठी तो स्तर आहे.

ब्रिटन : एचएलचे गुण वेगळे मोजले जातात

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांचा सशर्त प्रवेश दुहेरी अटीवर असतो. एकूण गुण इतके हवेत आणि तीन एचएल विषयांत प्रत्येकी इतके हवेत. समजा, एका अभियांत्रिकी अभ्यासक्रमाची अट ‘एकूण ३८ आणि एचएलमध्ये ६, ६, ६’ अशी आहे. एका विद्यार्थ्याने गणित, भौतिकशास्त्र व इंग्रजी एचएलला आणि रसायनशास्त्र, अर्थशास्त्र व हिंदी एसएलला घेतले. निकालात गणित ६, भौतिकशास्त्र ६, इंग्रजी ५, रसायनशास्त्र ६, अर्थशास्त्र ७, हिंदी ७ आणि वरचे २ गुण, असे एकूण ३९ गुण त्याला मिळाले. बेरीज अटीपेक्षा एकने जास्त आहे, तरीही इंग्रजीच्या ५ गुणांमुळे अट मात्र अपुरी राहिली! विद्यापीठ उदार झाले तर प्रवेश मिळेलही. परंतु तो आता त्याच्या हक्काचा राहिला नाही. रसायनशास्त्राची पकड चांगली असताना केवळ मानासाठी इंग्रजी एचएलला घेतले असेल, तर या घोडचुकीची किंमत मोठी आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजला इंग्रजी साहित्याची पदवी घ्यायची असेल, तर इंग्रजी एचएलला असणे आवश्यक आहे. तेथे एसएलमधील ७ गुणही कामी येत नाहीत. कायदा, इतिहास, राज्यशास्त्र यांसाठी इंग्रजी एचएलची सक्ती सहसा नसते. तथापि, निबंधलेखनाची सवय सिद्ध करणारा विषय म्हणून त्याचे वजन पडते. याउलट अभियांत्रिकीला एचएल गणित आणि बहुधा भौतिकशास्त्र, वैद्यकाला एचएल रसायनशास्त्र व बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या पदवीला एचएल गणित लागते. या जागा भरल्यावर जी तिसरी जागा उरते, तिच्यासाठी इंग्रजीचा विचार करायचा असतो.

अमेरिका, जर्मनी आणि भारत

अमेरिकेतील विद्यापीठे एका विषयापेक्षा संपूर्ण अभ्यासक्रमाचा कस पाहतात. तेथे अनेक विद्यापीठे एचएलमधील चांगल्या गुणांना पदवीचे श्रेयांक देतात. एसएलला ते क्वचितच मिळतात. त्यामुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यानेही तिसरा एचएल विषय म्हणून इंग्रजी घेणे तेथे शोभून दिसते आणि प्रवेश अर्जासोबतच्या निबंधलेखनालाही त्याचा उपयोग होतो.

जर्मनीचा नियम वेगळा आहे. तीन एचएल विषयांत गणित किंवा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांपैकी एक असणे तेथे बंधनकारक आहे. इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे तिन्ही एचएल घेणाऱ्या विद्यार्थ्याची तेथील वाट त्यामुळे अडते. हा नियम ठाऊक नसल्याने होणारे नुकसान नंतर भरून काढणे कठीण असते.

भारतात राहायचे असेल, तर चित्र आणखी निराळे आहे. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीची समकक्षता देतो. पण पुढचा प्रवेश बहुतांशी प्रवेश परीक्षांवर ठरतो. अभियांत्रिकीसाठी जेईई वा राज्याची सीईटी आहे. केंद्रीय विद्यापीठांतील पदवीसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. वैद्यकासाठी ‘नीट’ आहे आणि तेथे पात्रतेसाठी बारावीच्या पातळीवर विज्ञान विषयांसोबत इंग्रजीत उत्तीर्ण असणेही आवश्यक असते. या परीक्षांच्या गुणवत्ता यादीत एचएल इंग्रजीला वेगळे गुण नाहीत. त्यामुळे वाचलेले तास प्रवेश परीक्षेच्या तयारीला देणे अनेकांना हिताचे ठरेल. अपवाद आहे तो कायद्याचा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी होणारी ‘क्लॅट’ ही परीक्षा २०२० पासून उताऱ्यांच्या आकलनावर आधारलेली आहे आणि उताऱ्याचे बारकाईने वाचन ही तर एचएल इंग्रजीची रोजची तालीमच होय.

भाषेच्या दाखल्याचे काय?

‘इंग्रजी एसएलला घेतले तर आयईएल्टीएस द्यावी लागेल,’ अशी एक समजूत आहे. ती सरसकट खरी नाही. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे भाषेच्या दाखल्यासाठी आयबीतील इंग्रजीचे ठराविक गुण ग्राह्य धरतात आणि त्यांपैकी कित्येक ठिकाणी एसएलही चालते. ‘इंग्लिश बी’ला मात्र काही ठिकाणी अधिक गुणांची अट असते, तर काही ठिकाणी एचएलची. अट प्रत्येक विद्यापीठाची स्वतंत्र असल्याने ती त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावी; ऐकीव माहितीवर विसंबू नये.

निर्णय कसा घ्यावा?

सर्वप्रथम संभाव्य पदवी आणि देश यांच्या दोन-तीन जोड्या कागदावर लिहाव्यात. प्रत्येकीसाठी बंधनकारक असलेले एचएल विषय त्यापुढे मांडावेत. सर्व जोड्यांत समान येणारे विषय आधी निश्चित करावेत. त्यानंतर एक जागा उरली, तर तेथे इंग्रजी आणि अन्य विषय यांची तुलना करावी. कोणत्या विषयात ६ वा ७ गुणांची खात्री अधिक आहे, हे त्या विषयांच्या शिक्षकांना स्पष्ट विचारावे. वर्षभरात लिहिलेले निबंध आणि त्यांवरील शेरे समोर ठेवून ही चर्चा व्हावी. अजून काहीच ठरलेले नसेल आणि वाचनाची आवड असेल, तर सुरुवात एचएलपासून करणे बरे. पहिल्या काही आठवड्यांत वरून खाली येणे बहुतेक शाळांत शक्य असते. खालून वर जाणे मात्र बुडालेल्या तासांमुळे कठीण होते. बदलाची अंतिम मुदत शाळेकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.

राहिला प्रश्न कमीपणाचा. एसएलला इंग्रजी घेतल्याने मुलाचे इंग्रजी कमी होत नाही आणि एचएलला घेतल्याने ते आपोआप वाढतही नाही. प्रवेश अर्ज तपासणाऱ्यापुढे येतात ते गुण आणि विषयांची जुळणी. दोन वर्षांनी जुलैमध्ये निकाल लागेल तेव्हा ही जुळणी अचूक असावी, यासाठीच आजचा तासभर खर्च करायचा आहे.