दर्शन, स्पर्शन, प्रश्न : एका चिरुटाची तपासणी

आयुर्वेदाने रुग्णाची परीक्षा त्रिविध सांगितली आहे : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. आधी नीट पाहावे, मग हात लावावा आणि मग विचारावे. कान-नाक-घशाच्या ओपीडीत बेळगावी तीस वर्षे घालवल्यावर ही शिस्त अंगवळणी पडते आणि बाजारातला आंबादेखील माणूस त्याच क्रमाने पारखू लागतो. अमेरिकेत फ्लोरिडात स्थायिक झालेल्या माझ्या एका वर्गमित्राने गेल्या हिवाळ्यात दोन चिरूट आणून दिले आणि ‘तज्ज्ञ म्हणून’ अभिप्राय मागितला, तेव्हा मी हीच पद्धत अवलंबिली. मी धूम्रपान करीत नाही. त्यामुळे परीक्षक अननुभवी होता, पण पूर्वग्रहरहित होता असे म्हणण्यास हरकत नसावी.

हे चिरूट निकाराग्वा देशातील एस्तेली या गावच्या एका छोट्या कारखान्यातले होते. अशा मालाला हल्ली ‘बुटीक’ म्हणतात. या शब्दाची कायदेशीर व्याख्या नाही. उत्पादन थोडे, पानांची निवड मालकाच्या देखरेखीखाली आणि जाहिरातीपेक्षा जाणकारांच्या शिफारशीवर भिस्त, एवढाच त्याचा अर्थ. उत्पादकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. तंबाखूच्या जाहिरातीला आपल्याकडे 2003 च्या कायद्याने बंदी आहे आणि प्रस्तुत लेखकाचीही तशी इच्छा नाही.

दर्शन आणि स्पर्शन

लांबी पाच इंच. जाडी ‘50’. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, म्हणजे व्यास सुमारे वीस मिलिमीटर. बाहेरचे पान काळसर तपकिरी, तेलकट झाक असलेले, शिरा अगदी बारीक. पानाच्या कडा इतक्या सफाईने एकमेकींवर बसवल्या होत्या की जोड शोधण्यासाठी भिंग घ्यावे लागले. टाके घालण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने येथे मनोमन दाद द्यावी. बोटांनी दाबून पाहता कोठे गाठ नाही, कोठे पोकळी नाही. गाठ असेल तेथे धूर अडतो, पोकळी असेल तेथे जळण वेडेवाकडे होते. न जळालेल्या चिरुटाचा वास ओले गवत, चामडे आणि सुकवलेला मनुका यांच्या मधला.

दोनपैकी एकाचे मी रीतसर विच्छेदन केले. अकरा नंबरच्या ब्लेडने उभा छेद घेऊन थर सुटे केले. सर्वांत बाहेर आवरणाचे पान, त्याखाली ते सारे बांधून धरणारे जाड पान आणि आत घड्या घातलेली भरणाची लांब पाने. भरणाची पानेही एका जातीची नसतात. झाडाच्या तळाकडची नीट जळतात, मधली सुगंध देतात आणि शेंड्याकडची, ऊन अधिक खाल्लेली, जोर देतात. या तिहींचे प्रमाण ठरवणे हीच चिरूट बनवणाऱ्याची खरी विद्या होय. प्रयोगशाळेच्या काट्यावर एकूण वजन भरले बारा ग्रॅम. एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी तंबाखू असते आणि बिडीत जेमतेम पाव ग्रॅम. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

प्रश्न

चिरूट बोलत नाही, म्हणून त्याचा पूर्वेतिहास अन्यत्र शोधावा लागला. मूळ घराणे क्यूबाचे. 1959 च्या क्रांतीनंतर तेथील अनेक तंबाखू बागायतदार देशोधडीला लागले. 1962 साली अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. या मंडळींनी क्यूबाच्या वाणाचे बी निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक येथे रुजवले. एस्तेलीच्या खोऱ्यातील काळ्या, ज्वालामुखीजन्य मातीत ते विशेष जोमदार झाले. पुढे निकाराग्वातही यादवी आली, 1985 ते 1990 अमेरिकेने त्याही देशाशी व्यापार बंद ठेवला, तरीही हा धंदा तगला. आपल्याकडेही चिरूट परका नाही. खुद्द शब्दच तमिळ ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी यावरून आलेला. डॉ. कॉनन डॉयल यांच्या 1887 मधील पहिल्याच होम्सकथेत गुन्हेगार त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता, हे होम्स राखेवरून ओळखतो.

पुढचा प्रश्न संगोपनाचा. छपरीत वाळवलेल्या पानांचे मोठाले ढीग रचतात. ओलावा आणि दाब यांमुळे ते आतून तापतात. ढिगात लांब थर्मामीटर खुपसून ठेवलेला असतो आणि पारा ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की ढीग उलटापालटा करतात. हे महिनोन्‌महिने चालते. अमोनियाची वाफ निघून जाते, तुरटपणा उतरतो, सुगंध येतो. मात्र वाळवणे आणि मुरवणे यांच्या याच काळात तंबाखूतील निकोटीनसारख्या अल्कलॉइडांपासून नायट्रोसामाइन्स तयार होतात आणि ती कर्करोगजनक आहेत. ज्या मुरण्यातून सुवास येतो त्यातूनच विषही येते. वेगळी काढता येतील अशी ही दोन पाने नव्हेत.

आस्वाद

उरलेला चिरूट मी एका रविवारी संध्याकाळी, घराच्या गच्चीवर, एकटाच असताना ओढला. त्यास पन्नास मिनिटे लागली. धूर छातीत न घेता तोंडात खेळवायचा आणि थोडा नाकावाटे सोडायचा, अशी रीत आहे. तिच्यामागचे शास्त्र आमच्या विषयातले. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण स्वाद म्हणतो तो घशामागून नाकात चढणारा गंध असतो.

पहिल्या तृतीयांशात मिऱ्याची चुणचुण आणि भाजलेल्या लाकडाचा वास. जाणकार या मिऱ्याचे फार कौतुक करतात. वस्तुतः ती चव नव्हेच. ती ट्रायजेमिनल मज्जातंतूने नोंदवलेली तक्रार होय. दुसऱ्या तृतीयांशात मात्र खरोखर काही घडले. कोको, कडक कॉफी, पहिल्या पावसानंतरची माती असे गंध एकामागून एक, घाई न करता आले. झुरका सहज येत होता, जळण सरळ रेषेत होते आणि राख इंचभर लांब होऊनही पडली नाही. एखाद्या ठुमरीतील जागा कळावी तसे त्या अनोळखी कारागिराचे म्हणणे कळले. हे सौंदर्य खोटे नव्हते, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

शेवटच्या तृतीयांशात धूर तापला, कडवटपणा आला, तोंडाला पाणी सुटले, कपाळावर घाम आला. सुरुवातीला 72 असलेली माझी नाडी आता 94 होती. धूर छातीत घेतला नव्हता. मग निकोटीन शिरले कोठून?

निदान

सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटीन तोंडात फारसे शोषले जात नाही. ते फुप्फुसात न्यावे लागते. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो आणि ओढता ओढता अधिकच होत जातो. निकोटीनचा पीकेए आठच्या आसपास असल्याने अशा धुरात त्याचा मोठा भाग मुक्त स्वरूपात राहतो आणि गालाच्या व जिभेखालच्या श्लेष्मल त्वचेतून थेट रक्तात उतरतो. “मी धूर आत घेत नाही” हे आमच्या मित्राचे समर्थन त्यामुळे अर्धेच खरे ठरते. फुप्फुसाला थोडी सवलत मिळते, तोंडाला आणि घशाला मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 साली चिरुटावर स्वतंत्र ग्रंथ काढला. त्याचा निष्कर्ष असा की नियमित चिरूट ओढणाऱ्यांना मुखाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांइतकाच असतो. स्वतः डॉक्टर असलेल्या सिग्मंड फ्रॉइडना 1923 मध्ये जबड्याचा कर्करोग झाला. 1939 मधील मृत्यूपर्यंत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी चिरूट सुटला नाही.

म्हणून माझा अभिप्राय असा दिला : बांधणीस दहापैकी नऊ, जळणास नऊ, स्वादास आठ. कारागीर उत्तीर्ण, पदार्थ अनुत्तीर्ण.

परंतु या तपासणीतून खरा प्रश्न निघाला तो आपल्याविषयीचा. आमच्या भागातील निपाणीची तंबाखू बिडीत जाते. रास्त भावासाठी 1981 साली तेथील शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर बसले होते आणि गोळीबारात काहींनी प्राणही गमावले. सुपात पाने घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या स्त्रियांची बोटे एस्तेलीच्या कारागिरांइतकीच तरबेज असतात, फक्त त्यांच्या कसबाला कोणी गुण देत नाही. वनस्पती एकच. बिडी ओढणारा शेतमजूर आवाज बसला म्हणून आला की आपण त्याला चार माणसांदेखत खडसावतो. स्नेहसंमेलनात चिरूट पेटवणाऱ्या सहकाऱ्याला मात्र रसिक म्हणतो आणि त्याच्या तोंडात टॉर्च घालून पाहण्याचा विचारही आपल्या मनात येत नाही. पांढऱ्या चट्ट्याला मात्र तंबाखूची किंमत कळत नाही.

तेव्हा केसपेपरवरील ‘व्यसन’ या रकान्यात सर्वांना एकच प्रश्न, एकाच स्वरात विचारावा आणि चिरूट, पाइप ही नावे आपण होऊन उच्चारावीत. “सिगारेट नाही” एवढ्या उत्तरावर थांबू नये. जो बिडी ओढतो त्याच्याशी रसिकाशी बोलावे तितक्या आदराने बोलावे आणि जो रसिक आहे त्याचे तोंड बिडी ओढणाऱ्याचे तपासावे तितक्या काळजीने तपासावे. अभिप्रायासोबत वर्गमित्राला मी मुख-तपासणीची तारीखही कळवली. तो येऊन गेला. जिभेखाली काही आढळले नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.