मनोरुग्णाचा दिवस : दिवसोपचार आणि आपले कर्तव्य

मनोरुग्णाच्या नातेवाइकांस आपण निद्रा, क्षुधा, मलप्रवृत्ती यांविषयी विचारतो. औषधाची मात्रा व अनुपान सांगतो. ‘याचा दिवस कसा जातो?’ हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो.

साक्री तालुक्यातील एक तरुण धुळ्यास मनोविकारतज्ज्ञांचे उपचार घेऊन घरी परतला. भास शमले होते. परंतु हाताला काम नाही, सोबती नाही. दिवसभर तो ओट्यावर बसून राही. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी आईने मजुरी सोडली. पुढे निद्रानाशाची तक्रार घेऊन ती दोघे माझ्याकडे आली. मी शिरोभ्यंग व घृतपान योजले. आधीच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारले नाही. त्या महिनाभर बंद होत्या. व्याधीचा वेग पुन्हा वाढला तेव्हा ते उमगले. चूक माझी होती. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. यांपैकी शील, चेष्टा आणि आचार माणसांत वावरतानाच पारखले जातात व तेथेच सुधारतात. चिकित्सेच्या चतुष्पादांतील उपस्थाता हा पाद घरोघरी एकट्या आईच्या वा पत्नीच्या खांद्यावर असतो. त्यास आधार देणारी व्यवस्था म्हणजे दिवसोपचार केंद्र. रुग्ण सकाळी येतो, योगासने, हस्तकला, गटचर्चा, लहानसहान व्यवहार यांत दिवस घालवतो आणि सायंकाळी घरी परततो.

या कार्याचा एक धागा खानदेशाशी जोडलेला आहे. मूळचे धुळ्याकडील आणि कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. रुग्णांचे दिवसाचे पुनर्वसन आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट हे तिच्या कार्याचे प्रमुख अंग होय. 2004 च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा होती. 2017 मध्ये ते निवर्तले.

त्याच वर्षी संमत झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली व समाजात राहण्याचा हक्क दिला. मानसिक आरोग्य व्यावसायिकांत त्याने आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर वैद्यांस स्थान दिले आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीधराने आपली मर्यादा येथे ओळखावी.

तालुक्याच्या गावी केंद्र लगेच उभे राहणार नाही. तथापि पुढील गोष्टी सहज शक्य आहेत.

1. चालू गोळ्यांची चौकशी प्रत्येक भेटीत करावी. त्या स्वतःहून कमी वा बंद करू नयेत.
2. उठणे, अभ्यंग, स्नान, भोजन, काम व निद्रा यांच्या वेळा कुटुंबीयांसह ठरवून लिहून द्याव्यात.
3. मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीने आठवड्यातून एक दिवस चार-पाच कुटुंबांस दवाखान्यात एकत्र बसवावे.
4. आत्मघाताचा विचार, अन्नत्याग वा अनावर आवेग दिसताच त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवावे. 2022 पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, हेही सांगावे.

त्या तरुणाच्या गोळ्या तज्ज्ञांनी पुन्हा सुरू केल्या. आता दर बुधवारी तो दवाखान्यामागील तुळस-अडुळशाच्या वाफ्यांना पाणी घालतो. त्या दिवशी त्याची आई मजुरीला जाते. आठवड्यातून एकच दिवस; पण आरंभ तेवढ्यानेही होतो.