बोलोन्याच्या ओवऱ्या आणि काही गैरसमज

उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराचं नाव आपल्याकडे बहुतेकांना हॉटेलच्या मेन्यूकार्डामुळे ठाऊक असतं : स्पॅगेटी बोलोनीज. या नावाचा पदार्थ मुळात बोलोन्याचा नाहीच. तिथे खिम्याचा रागू वाढतात तो अंडं घालून मळलेल्या कणकेच्या चपट्या पट्ट्यांवर, म्हणजे तालियातेल्लेवर. पट्टी खिमा धरून ठेवते, गोल गुळगुळीत स्पॅगेटीवरून तो निसटतो. शिजलेली पट्टी 8 मिलिमीटर रुंद असावी, अशी नोंद 1972 साली तिथल्या व्यापार मंडळात झाली आणि पट्टीचा सोन्याचा नमुनाही तिथे ठेवला गेला.

'लाल बोलोन्या' हे नाव कम्युनिस्टांमुळे पडलं, असंही सांगितलं जातं. 1945 नंतर अनेक दशकं महापौर त्या पक्षाचे होते, हे खरं. पण शहराचा लाल रंग त्याच्या कितीतरी आधीचा, विटा-कौलांचा आहे.

विद्यापीठ 1088 साली कुणा राजाने किंवा पोपने स्थापन केलं, हा समज जास्त खोल रुजलेला आहे. तशी सनदच नाही. हे साल एकोणिसाव्या शतकात कवी जोझुए कार्दुच्ची यांच्या समितीने ठरवलं आणि 1888 मध्ये आठशेवा वर्धापनदिन साजरा झाला. विद्यापीठ उभं केलं ते विद्यार्थ्यांनी. कायदा शिकायला दूरदूरहून आलेली मुलं आपापल्या प्रांताप्रमाणे संघ करत, रेक्टर निवडत, प्राध्यापकांशी करार करून त्यांना मानधन देत. प्राध्यापक वर्गावर उशिरा आला तर दंड त्यालाच!

आता ओवऱ्या. रस्त्यांच्या कडेने जाणाऱ्या या कमानी पाहून पर्यटकांना वाटतं, श्रीमंतांनी हौसेने केलेली सजावट असावी. सुरुवात मात्र अतिक्रमणातून झाली. विद्यार्थी आणि कारागीर वाढले, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा लोकांनी वरचा मजला रस्त्यावर पुढे काढला आणि खाली लाकडी टेकू दिले. इतर अनेक शहरांनी अशी बांधकामं पाडून टाकली. बोलोन्याने 1288 साली उलटाच नियम केला : नवं घर बांधाल तर ओवरी हवीच. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, चालण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा. खाजगी जमिनीवर सार्वजनिक वाट काढून देणारा इतका शहाणा नियम मला दुसरा माहीत नाही. आज या ओवऱ्यांची एकूण लांबी सुमारे 62 किलोमीटर भरते, आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

याच नगराने 1256 साली मालकांना मोबदला देऊन जवळपास सहा हजार वेठबिगारांना मुक्त केलं आणि त्यांची नावं एका ग्रंथात लिहून ठेवली. ग्रंथाचं नाव 'स्वर्ग'. मुक्त माणूस कर भरतो, हा हिशेबही त्यामागे होता. म्हणून त्या निर्णयाचं मोल कमी होत नाही.

झुकता मनोरा फक्त पिसालाच, असंही कुणी समजू नये. इथला गारिझेंदा इतका कलला की चौदाव्या शतकात त्याचा वरचा भाग उतरवावा लागला. आता तो 48 मीटरचा आहे. शेजारचा अझिनेल्ली 97 मीटर.

बोलोन्याला गेलात, तर मनोऱ्यांकडून स्त्रादा माज्जोरे रस्त्याने थोडं पुढे चाला आणि कासा इझोलानीखाली थांबून वर पाहा. तेराव्या शतकातले सुमारे नऊ मीटर उंचीचे ओकचे खांब अजूनही घराचा मजला पेलत आहेत, आणि त्यांच्याखालून लोक रोजच्या कामाला जात आहेत.