परिचारिकांची संख्या आणि आरोग्यव्यवस्थेचे अर्थकारण

परिचारिकांची संख्या रुग्णसंख्येवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती खर्चाच्या व्यवस्थेवरही तितकीच अवलंबून असते.

इंग्लंडात आरोग्यसेवा करांतून चालते. तेथे २०१७ साली परिचर्येच्या नव्या विद्यार्थ्यांचे पाठ्यवेतन बंद होताच प्रवेशअर्ज घटले. पुढे भारत व फिलिपिन्समधील परिचारिकांवरील मदार वाढली. जर्मनीत आजारविम्याची पद्धती आहे. तेथे २००४ पासून रुग्णालयांना निदानानुसार ठराविक रक्कम मिळू लागल्याने परिचारिकांची पदे कमी ठेवणे लाभाचे ठरले. अखेर २०२० मध्ये शुश्रूषेचा खर्च त्या रकमेतून वेगळा काढावा लागला. खाजगी विम्याचे प्राबल्य असलेल्या अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९९ च्या कायद्यान्वये, सर्वसाधारण कक्षांत पाच रुग्णांमागे किमान एक परिचारिका सक्तीची केली.

तात्पर्य, शुश्रूषेस हिशेबात स्वतंत्र स्थान नसेल, तर काटकसरीचा भार अखेर रुग्णावरच पडतो.