मोडी पत्रांतील मिती आणि खुणांचें व्याकरण
वसई मोहिमेच्या पत्रांचें साधें देवनागरी लिप्यंतर संगणकास दिलें, तरी मायना कोठें संपला हें त्यास कळत नाहीं. त्यासाठीं व्याकरण रचावें लागतें: ‘छ’, पुढें अंक, पुढें मुसलमानी महिना, कीं ती मिती. ‘तिसा सलासैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर व हजार; बेरजेनें सुहूर सन ११३९, अर्थात् इ. स. १७३८-३९. हीं पदें आरंभीं व अंतीं खुणा घालून निराळीं होतात. स्थलनामांत मात्र घोटाळा. यादीवरून ‘धारावी’स खूण लागेल, पण ती मुंबईची नव्हे, १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतलेली, आजच्या मीरा-भाईंदर हद्दींतली, हें संशोधकानेंच नोंदवावें. नियमांत न बसणारी ओळ आम्ही न सुधारतां, शंकेची खूण घालून, जशीच्या तशी ठेवितों.